रहिवासी की अपराधी? : डॉ. थिओडोर एशेरिख यांचे संशोधन

इ. स. १८८४ च्या सप्टेंबरात इटलीतील नेपल्स शहरावर पटकीची भयंकर साथ कोसळली व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी आपल्या कलकत्त्यास येऊन, पटकीने मेलेल्यांची आतडी आणि तेथील तलावांचे पाणी तपासून, स्वल्पविरामाच्या आकाराचा एक सूक्ष्म जंतू हाच या रोगाचा कर्ता होय, असे जाहीर केले होते. परंतु म्युनिकमधील आरोग्यशास्त्राचे वयोवृद्ध आचार्य माक्स फोन पेटनकोफर यांस हे मत मान्य नव्हते. केवळ जंतूने पटकी होत नाही, तिला भूमीची व ऋतूची विशिष्ट अवस्था लागते, असा त्यांचा पक्ष होता. त्यांचे शिष्य रुडोल्फ एमेरिख नेपल्सला गेले. तेथील रोग्यांच्या शरीरात त्यांना एक निराळाच, आखूड दांडीसारखा जंतू आढळला, आणि पटकीचा खरा कर्ता हाच, असे त्यांनी प्रतिपादिले. हा जंतू पुढे ‘नेपल्सचा जंतू’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

आरोप मोठा होता. पुरावा मात्र इतकाच, की प्रेत जेथे पडले तेथे हा इसम हजर होता. आमचा व्यवसाय वकिलीचा. असल्या पुराव्यावर कोणतेही शहाणे न्यायालय कोणास दोषी ठरविणार नाही, हे आम्ही जाणतो. उलटतपासणीतला पहिलाच प्रश्न असा येईल, की हा इसम त्याच घरात राहणारा तर नव्हे? साथ येण्यापूर्वी, घरात सारे कुशल असताना, तो तेथे दिसत होता की नाही? एमेरिख यांनी हा प्रश्न स्वतःस पुरेसा विचारला नव्हता. थोड्याच काळात इतरांनी दाखवून दिले, की हुबेहूब तसलाच जंतू निरोगी माणसांच्या मळातही विपुल सापडतो. एमेरिख यांच्या नशिबी पुढे एक चमत्कारिक प्रसंग होता, तोही सांगून टाकतो. १८९२ मध्ये पेटनकोफर यांनी कॉख यांचे मत खोडण्यासाठी पटकीच्या जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. पाठोपाठ एमेरिख यांनीही केले. गुरुजी थोडक्यात निभावले, शिष्यास मात्र जबर जुलाब लागले. ज्याला त्यांनी निर्दोष मानले, त्यानेच त्यांस असे गाठले.

याच नेपल्सच्या साथीचा अभ्यास करण्यासाठी बव्हेरिया सरकारने धाडलेल्या मंडळींत सव्वीस वर्षांचा एक तरुण वैद्य होता. त्याचे नाव थिओडोर एशेरिख. एमेरिख आणि एशेरिख या नावांत इतके साम्य आहे, की वाचकांचा घोटाळा होण्याचा संभव आहे. पण दोघांच्या वाटा अगदी निराळ्या. एमेरिख यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एशेरिख यांनी शोधले, आणि ते त्यांनी मृत रोग्यांच्या ठिकाणी न शोधता निरोगी तान्ह्या मुलांच्या ठिकाणी शोधले. मुलांच्या पोटाच्या विकारांचे शास्त्र पुढे ज्या पायावर उभे राहिले, तो येथे घातला गेला, असे आम्हांस वाटते.

एशेरिख यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८५७ रोजी बव्हेरियातील आन्सबाख या गावी झाला. वडील सरकारी वैद्यकीय अधिकारी असून वैद्यकीय आकडेवारीचे व्यासंगी होते. आई मूल पाच वर्षांचे असतानाच वारली. मुलगा बराच खोडकर निघाला, म्हणून बाराव्या वर्षी त्याची रवानगी ऑस्ट्रियातील फेल्डकिर्ख येथील जेझुइटांच्या निवासी शाळेत झाली. पुढे स्ट्रासबुर्ग, कील, बर्लिन आणि व्युर्त्सबुर्ग अशा चार ठिकाणी वैद्यकाचा अभ्यास करून ते १८८१ मध्ये उत्तीर्ण झाले, व व्युर्त्सबुर्ग येथे कार्ल गेरहार्ट यांच्या हाताखाली काम करताना त्यांचे लक्ष बालरोगांकडे वळले.

त्या काळच्या बव्हेरियात हा विषय किती जिव्हाळ्याचा होता, याची कल्पना आज येणे कठीण. १८७० च्या सुमारास तेथे जन्मलेल्या दर शंभर मुलांपैकी सुमारे तीस मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. युरोपातील प्रगत म्हणविणाऱ्या देशांत ही संख्या फारच मोठी होती. दक्षिण बव्हेरियात मुलाला अंगावर पाजण्याची चालच बहुतेक उठून गेली होती. मुलांना गाईचे दूध किंवा पिठाची लापशी भरवीत, आणि उन्हाळा आला, दूध नासू लागले, की जुलाबाने घरोघरचे पाळणे रिकामे होत. म्युनिकच्या मुलांच्या इस्पितळात काम करणाऱ्या वैद्यास हे दृश्य रोजचे होते. अशा वेळी मेलेल्या मुलाच्या आतड्यात जंतू पाहावयाचा आणि हाच तो मारेकरी म्हणून ओरडावयाचे, हा मोह अनावर होता. त्या दशकात जंतुशास्त्राच्या उत्साहात पुष्कळांनी तेच केले.

एशेरिख यांनी १८८४–८५ मध्ये म्युनिकमध्ये जो मार्ग धरला तो अधिक कंटाळवाणा, आणि म्हणूनच अधिक भरवशाचा होता. कॉख यांच्या पद्धतीत तयार झालेले विल्हेल्म फ्रोबेनियस यांच्याकडून त्यांनी शुद्ध जंतूंची लागवड करण्याची विद्या आत्मसात केली. हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी नुकतीच १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली रंग देण्याची रीत उचलली. आणि नवजात व तान्ह्या, पण धडधाकट मुलांचा मळ दिवसानुदिवस तपासावयास घेतला. घाणीत योगायोगाने जमलेल्या असंख्य जंतूंचा हिशेब मांडण्यात काय हशील, असे कोणी म्हणेल, याची त्यांस पुरती जाणीव होती. तरीही त्यांचा युक्तिवाद सरळ होता. निरोगी स्थितीत घरात कोण कोण राहतो याची यादी झाल्यावाचून, रोगाच्या दिवशी घरात शिरलेला परका ओळखावा कसा?

त्यांस जे आढळले ते असे. मुलाचा जन्मतःच बाहेर पडणारा काळपट हिरवा मळ त्यांना जंतुरहित दिसला. काही तासांतच मात्र तेथे बाहेरून जंतूंची वस्ती होऊ लागे आणि पहिला दिवस संपण्यापूर्वी ती स्थिर होई. आईचे दूध सुरू झाले, की पहिली सरमिसळ वस्ती मागे पडून दुसरी, ठराविक स्वरूपाची वस्ती येई. तीत दोन जंतू प्रमुख होते. एक लहान आतड्याच्या वरच्या भागात राहून दुधातील साखर आंबविणारा. दुसरा त्याहून सडपातळ, आतड्याच्या खालच्या भागात बहुसंख्येने नांदणारा. या दुसऱ्यास त्यांनी ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’ असे नाव दिले. ‘कोलाय’ म्हणजे मोठ्या आतड्याचा, आणि ‘कम्यून’ म्हणजे सर्वसाधारण, सर्वांच्या ठिकाणी आढळणारा. नावात त्यांनी त्याचा पत्ता लिहिला. त्याच्यावर कोणताही आरोप लिहिला नाही. त्यांचा पहिला लेख १८८५ साली आला, आणि १८८६ साली तान्ह्या मुलांच्या आतड्यांतील जंतू व पचनक्रियेशी त्यांचा संबंध या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथाने त्यांस विद्यापीठात शिकविण्याचा अधिकार मिळवून दिला.

आज ई. कोलाय हे नाव ऐकताच सामान्य माणूस दचकतो. विहिरीच्या पाण्यात तो सापडला, की पाणी पिण्यास अयोग्य ठरते. ते योग्यच आहे. पण त्याचे कारण पुष्कळांस ठाऊक नसते. हा जंतू माणसाच्या व जनावरांच्या आतड्याचा इतका नित्याचा रहिवासी आहे, की तो पाण्यात दिसला म्हणजे त्या पाण्यात मळ मिसळला, हे सिद्ध होते. तो तेथे साक्षीदार म्हणून उभा असतो. साक्षीदारालाच आरोपी समजण्याची चूक जनतेकडून होते, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे न्यायालयाच्या आवारातही ती क्वचित होते. असो.

१८९० मध्ये एशेरिख ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे बालरोगांचे अध्यापक झाले, आणि १९०२ मध्ये व्हिएन्नाच्या विख्यात सेंट अ‍ॅन बालरुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. घटसर्पावरील रक्तरसाचा उपचार, मुलींच्या मूत्राशयाचे विकार, असे पुष्कळ विषय त्यांनी या काळात हाताळले. मुलींच्या मूत्राशयाच्या दाहात हाच आपला ‘सर्वसाधारण’ जंतू आपले घर सोडून भलत्या ठिकाणी शिरलेला असतो, हे त्यांनीच १८९४ मध्ये नमूद केले. आपल्या शोधाची भलावण करीत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, हे यावरून दिसते.

या काळातील अधिक मोलाची गोष्ट म्हणजे त्यांच्याभोवती जमलेली शिष्यमंडळी. एर्न्स्ट मोरो हे त्यांचे ग्राट्समधील साहाय्यक. १९०० मध्ये त्यांनी मुलांच्या मळातून आम्लप्रिय असा दंडाकार जंतू वेगळा केला. ‘लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस’ या नावाने तो आज दह्याच्या डब्यांवरही झळकतो. याच मोरो यांना आढळून आले, की अंगावर पिणाऱ्या मुलांच्या रक्तरसात जंतू मारण्याची शक्ती वरच्या दुधावर वाढणाऱ्या मुलांपेक्षा अधिक असते. आईच्या दुधात पोषणाखेरीज संरक्षणही असते, या गोष्टीचा हा फार जुना प्रयोगसिद्ध दाखला आहे. त्याच सुमारास, १८९९–१९०० मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री तिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मळात एक फाटे फुटलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा जंतू पाहिला. तो हवेतील प्राणवायू सहन करीत नाही, म्हणून एशेरिख यांच्या नेहमीच्या लागवडीत तो वाढला नव्हता. त्यास त्यांनी ‘बायफिडस’ म्हटले. पुढील शोधांवरून असे ठरले, की आईच्या दुधावरील मुलाच्या पोटात बहुधा हाच बहुसंख्य असतो. म्हणजे एशेरिख यांच्या यादीतून घरातील एक मोठा भाडेकरू निसटला होता. त्यांच्या साधनांना तो दिसण्याजोगा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

व्हिएन्नात त्यांच्या हाताखाली क्लेमेन्स फोन पिर्के व बेला शिक ही जोडी होती. घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून काढलेला रस टोचला असता काही मुलांना ताप येतो, अंगावर गांधी उठतात, सांधे धरतात. दुसऱ्या वेळी टोचला तर हे सारे अधिक लवकर घडते. या मुलांचे निरीक्षण करून दोघांनी १९०५ मध्ये ‘रक्तरसविकार’ हा ग्रंथ लिहिला, आणि १९०६ मध्ये पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द जगाला दिला. शरीराची संरक्षक शक्ती शरीरासच पीडा देऊ शकते, हा विचार त्या काळी नवा होता. तो एका बालरुग्णालयात, मुलांच्या खाटांशेजारी उभे राहून सुचला, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

एशेरिख प्रयोगशाळेत मग्न राहिले नाहीत. १९०३ मध्ये त्यांनी व्हिएन्नात अर्भकांच्या संरक्षणासाठी एक संघ स्थापन केला. मातांना अंगावर पाजण्यास उद्युक्त करणे, व जेथे ते शक्य नाही तेथे निर्धोक दूध पुरविणे, हे त्याचे कार्य. स्वतःच्या घरी मात्र नियती त्यांस प्रसन्न नव्हती. पदार्थविज्ञानाचे आचार्य लिओपोल्ड फाउंडलर यांच्या कन्येशी १८९२ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा असताना आंत्रपुच्छाच्या दाहाने वारला. इतरांची मुले वाचविणाऱ्या, मुलांच्या आतड्यांचा सारा नकाशा ज्याने काढला त्या पित्यास आपल्या मुलाच्या पोटातील एवढ्याशा अवयवापुढे हतबल व्हावे लागले. १५ फेब्रुवारी १९११ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, पक्षाघाताने त्यांचा अंत झाला.

त्यांच्या पश्चात जंतूचे भवितव्य विचित्र रीतीने घडत गेले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, फ्रायबुर्ग येथील आल्फ्रेड निसल यांना असा एक सैनिक भेटला, की ज्याचे सोबती अतिसाराने पछाडले असताना तो एकटा ठणठणीत होता. त्याच्या मळातून त्यांनी कोलाय जातीचा एक वंश काढला. तो इतर रोगजंतूंना वाढू देत नाही असे पाहून त्याचे औषध केले, आणि ते पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. याच्या उलट, १९४५ मध्ये इंग्लंडात जॉन ब्रे यांनी उन्हाळी जुलाबाने आजारी झालेल्या तान्ह्या मुलांच्या मळातून कोलायचाच एक विशिष्ट वंश वेगळा केला, आणि तो निरोगी मुलांत क्वचितच आढळतो, हेही दाखविले. या वेळी पुरावा रीतसर होता. त्या वंशाचा उल्लेख करताना ब्रे यांनी ‘नेपॉलिटानम’ हे जुने नाव वापरले, म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या नेपल्सची आठवण पुन्हा कागदावर आली. एकाच कुळात सज्जनही निघतात व दरोडेखोरही. तेव्हा कुळाच्या नावावरून शिक्षा देता येत नाही, हे कोपनहेगनच्या फ्रिट्स काउफमान यांनी त्याच दशकात वंशांची बारकाईने प्रतवारी लावून पक्के केले. एशेरिख यांनी निरोगी मुलांची यादी आधी केली नसती, तर ब्रे यांस हा भेद दाखविता आला असता की नाही, याची आम्हांस शंका आहे.

‘एशेरिखिया’ हे कुलनाम त्यांस हयातीत लाभले नाही. कोलंबोत दीर्घकाळ काम केलेले इटालियन वैद्य आल्दो कास्तेलानी आणि त्यांचे सहकारी चामर्स यांनी उष्ण कटिबंधातील रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १९१९ च्या आवृत्तीत ते सुचविले. जंतूंच्या नावांचे तंटे तोडणारा एक आंतरराष्ट्रीय न्यायिक आयोग आहे, हे वाचून आमच्या व्यवसायबंधूंस मौज वाटेल. त्या आयोगाने १९५८ मध्ये या नावास मान्यता दिली. एशेरिख यांनी स्वतः वेगळा केलेला मूळ वंश १९२० पासून लंडनच्या जंतुसंग्रहात जतन आहे. २०१७ साली त्याची संपूर्ण आनुवंशिक संहिता वाचण्यात आली.

आता या रहिवाशांचे मुलाच्या रोगप्रतिकारशक्तीशी नाते काय, हा प्रश्न. खुद्द पाश्चर यांनी १८८५ मध्ये शंका व्यक्त केली होती, की जंतूंवाचून प्राणी जगूच शकणार नाही. ती १८९५ मध्ये बर्लिन येथे नटल व थिरफेल्डर यांनी पारखून पाहिली. पोट फाडून काढलेले गिनीपिगाचे पिलू जंतुरहित पेटीत जंतुरहित दुधावर वाढविता येते, असे त्यांनी दाखविले. पुढे असे प्राणी पिढ्यान् पिढ्या वाढविता येऊ लागले, तेव्हा जगतात खरे, पण त्यांच्या आतड्याच्या भिंतीतील संरक्षक पेशींच्या वसाहती अपुऱ्या राहतात आणि रोगाशी झुंजणारी द्रव्येही कमी तयार होतात, असे आढळले. त्यांच्या पोटात सामान्य जंतू सोडले, की ही उणीव बरीचशी भरून निघते. शत्रू कोण व शेजारी कोण, याची ओळख बालशरीर या सहवासात शिकते. शरीराच्या संरक्षक पेशींपैकी फार मोठा भाग आतड्यातच पहारा देत असतो, यात मग नवल उरत नाही. २०१६ च्या एका काटेकोर गणनेनुसार प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असून त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आहेत. जंतू दसपट आहेत, ही पूर्वी सर्रास सांगितली जाणारी गोष्ट त्या गणनेने मोडीत काढली.

आईच्या दुधाचे रहस्य तर याहून मनोवेधक. त्यात काही शर्करासमूह विपुल असतात, की जे मूल स्वतः पचवूच शकत नाही. निसर्गाने हा अपव्यय का मांडला, या प्रश्नाने एके काळी शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. १९५० च्या दशकात पॉल ग्यॉर्गी व हायडेलबर्गचे रिचर्ड कून यांच्या संशोधनातून उलगडले, की हे अन्न तिसिए यांच्या त्या बायफिडस जंतूचे आहे. माता मुलासोबत मुलाच्या पोटातील पाहुण्यांसही जेवू घालते. शिवाय प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत येणाऱ्या चिकाच्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये अत्यंत दाट असतात. आईच्या आतड्याला ज्या जंतूंची ओळख झालेली असते, त्यांच्याविरुद्धची ती द्रव्ये मुलाच्या आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. आपल्याकडील अनेक घरांत हेच दूध जड म्हणून पिळून टाकीत आणि बाळाच्या जिभेवर मधाचे बोट लावीत. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींविषयी आदर बाळगूनही सांगितले पाहिजे, की या दोन्ही गोष्टी मुलाच्या हिताच्या नव्हत. वर्षाच्या आतील मुलास मध देणे धोक्याचे असते, असे आजचे वैद्यक बजावते.

याच संदर्भात आणखी एका मोहाविषयी दोन शब्द. पाश्चर संस्थेतील इलिया मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंबविलेल्या दुधाची थोरवी गाऊन दीर्घायुष्याची आशा दाखविली, आणि युरोपभर दह्याचे वेड पसरले. आपल्या पंचामृतात दही आहे, नैवेद्यात दहीभात आहे, ताकावाचून आपले जेवण पुरे होत नाही. तेव्हा हे सारे आमच्या पूर्वजांस ठाऊकच होते, असे म्हणण्याची हौस आपल्या लोकांस आहे. परंपरेने दही चाखले, ते चांगले केले. पण कोणता जंतू, कोणत्या मुलास, किती दिवस आणि कशासाठी, हा पुरावा परंपरेने गोळा केलेला नाही. तो मोजूनच गोळा करावा लागतो.

आणि तो आपल्याच देशात एकदा उत्तम रीतीने गोळा झाला. ओडिशातील १४९ खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बालकांवर प्रयोग केला, व त्याचा वृत्तान्त ऑगस्ट २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, सात दिवस, ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’ या जंतूचा विशिष्ट वंश व त्याला पोसणारी एक शर्करा दिली. उरलेल्यांना तशीच दिसणारी निर्गुण पूड. कोणास काय मिळाले, हे ना आईस ठाऊक, ना देणारास. दोन महिन्यांत निर्गुण पूड घेतलेल्यांत रक्तदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण शेकडा ९ होते. जंतू घेतलेल्यांत ते ५.४ वर आले. याउलट, २०२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या औषध-नियंत्रक खात्याने अशा जिवंत जंतूंच्या औषधांविषयी वैद्यांस इशारा दिला. वेळेपूर्वी जन्मलेल्या बालकांत त्यांमुळे प्राणघातक संसर्ग होऊ शकतो, असे त्यात म्हटले होते. या दोन गोष्टींत विरोध नाही. ओडिशातील मुले किमान दोन किलो वजनाची, पस्तीस आठवडे पूर्ण झालेली, व तपासणीत निरोगी ठरलेली अशी निवडून घेतली होती. आणि त्या सर्वांस आधीच आईचे दूध सुरू झालेले होते.